पुराच्या पाण्यात गाडी बंद पडली तर सेल्फ मारू नका, चावी फिरवून चालू करायला बघू नका. पाया पडते, पण मारू नका.

सकाळपासून डोकं फिरलंय. लिहून टाकते, नाहीतर आज झोप लागायची नाही.

व्हीनस कॉर्नरला पाणी होतं. त्यात नवीन काही नाही. पंचगंगा फुगली की जयंती नाल्यातून पाणी उलटं शहरात शिरतं, हे कोल्हापुरातल्या पोराला शाळेत जायच्या आधीच माहीत असतं. मी स्कूटर अलीकडे कोरड्यात लावली आणि पुढं बघितलं तर एक पांढरी गाडी मधोमध बंद पडलेली. आत विशी-बाविशीतला पोरगा. भोवती गुडघाभर पाण्यात सात-आठ माणसं, आणि सगळ्यांच्या तोंडी एकच: "मार सेल्फ! मार की! हुतंय, हुतंय, अजून एकदा!" त्यातले दोघं मोबाईलवर शूटिंग करत होते.

आणि तो पोरगा मारत होता. एकदा, दोनदा, तीनदा. रडकुंडीला आलेला चेहरा, काचेवर वाफ, आणि प्रत्येक वेळी इंजिनातून तो आवाज. ठक्. तो आवाज मला ओळखीचा आहे. पोटात खड्डा पडला माझ्या.

मी तिथूनच ओरडले, "सेल्फ मारू नको रे! ढकला गाडी, ढकला!" एक जण वळून म्हणाला, "ताई, तुम्हाला गाडीतलं कळतंय व्हय?"

कळतंय दादा. ७८ हजार रुपये भरून कळलंय.

ऑगस्ट २०१९ चा पहिला आठवडा. ज्यांनी तो बघितला त्यांना मी काही सांगायला नको. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर धोक्याची पातळी ४३ फूट, आणि त्या आठवड्यात पाणी ५५ फुटांच्याही वर गेलं होतं. आत्या शाहूपुरीत एकटी. आण्णा, माझे वडील, म्हणाले, "मी घेऊन येतो तिला." आमची स्विफ्ट, डिझेल. रिटायर झाल्यावर फंडाच्या पैशातून घेतलेली, दर रविवारी स्वतःच्या हातानं धुतलेली. जाताना पाणी कमी होतं. येताना वाढलं. तरी आण्णांनी पहिल्या गिअरमध्ये एका लयीत गाडी बऱ्यापैकी पार आणली होती. समोरून एक टेम्पो जोरात आला, त्याची लाट बॉनेटवर चढली आणि गाडी बंद.

तेव्हाही बाजूला माणसं होती. तेव्हाही कोणीतरी म्हणालं, "काका, सेल्फ मारा."

आण्णांनी तीन वेळा मारला. शेवटी लोकांनीच ढकलून गाडी चढावर आणली. दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात, आता वाळली असेल म्हणून, आण्णांनी पुन्हा एकदा मारला. मी पायरीवर चहाचा कप घेऊन उभी होते. ठक् झालं, आणि पाठोपाठ आतून काहीतरी लोखंडी खुळखुळल्यासारखं. आण्णांनी हळूच चावी काढली, खिशात घातली आणि काही न बोलता घरात गेले.

नेमकं काय होतं ते एकदा समजून घ्या. इंजिन हवा दाबून चालतं. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. संपला विषय. आमच्या गाडीचं इंजिन १२४८ सीसी, सिलिंडर चार, म्हणजे एकेकात ३१२ सीसी. डिझेलमध्ये ही हवा साधारण सतरा पटीनं दाबली जाते, म्हणजे पिस्टन, आतला वरखाली होणारा दट्ट्या, पार वर आला की त्याच्या डोक्यावर जागा उरते जेमतेम २० मिली. चहाचे चार चमचे! एअर फिल्टरच्या वाटेनं त्यापेक्षा जास्त पाणी आत गेलं की पिस्टनला वर यायला जागाच नाही. तिथं इंजिन अडून गप्प उभं राहिलेलं असतं, बऱ्याचदा अजून धडधाकट असतं. आणि आपण सेल्फ मारून त्याला जबरदस्तीनं फिरवायला बघतो. पाणी हटत नाही, मग लोखंड वाकतं.

उद्यमनगरातल्या मेकॅनिकनं इंजिन उघडलं आणि वाकलेला कनेक्टिंग रॉड, म्हणजे पिस्टनला जोडलेला दांडा, आण्णांच्या हातात ठेवला. हातभर नाही, वीतभर लांबीचा तुकडा, पण हातात घेतला की वजन कळतं. मधोमध असा वळलेला, जणू कुणी मेणाचाच केलाय. दुसराही एक वाकला होता. मेकॅनिक म्हणाला, "काका, पाण्यात बंद पडली तिथंच सोडली असती तर फिल्टर, ऑइल आणि साफसफाईत भागलं असतं."

हे वाक्य आण्णांनी त्यानंतर महिनाभर रोज म्हणून दाखवलं. जेवताना, टीव्ही बघताना, मधेच. "तिथंच सोडली असती तर."

हो, कधी कधी सेल्फ मारून गाडी सुटते. नुसता कुठल्यातरी कनेक्शनला ओलावा लागलेला असतो, पाणी आत गेलेलंच नसतं. मान्य. पण ते पाण्यात उभं राहून कोणाला दिसतं? ज्याची चालू झाली तो दहा जणांना सांगतो, ज्याचं इंजिन गेलं तो गप्प बसतो. म्हणून हा सल्ला मरत नाही.

आणि इन्शुरन्स! ह्याच्यावर आठवलं तरी अजून रक्त तापतं. आण्णांना वाटलं, फुल इन्शुरन्स आहे, पूर आहे, पैसे मिळणार. सर्व्हेअर आला, सभ्य माणूस होता, सगळं बघितलं आणि एकच विचारलं, "बंद पडल्यावर सेल्फ मारला होता का?" आण्णा आयुष्यात खोटं बोलले नाहीत. "हो," म्हणाले. झालं. कार्पेट, सीट, ऑइल ह्याचे पैसे मिळाले. इंजिनाला नाही. पुराच्या पाण्यानं झालेलं नुकसान पॉलिसीत बसतं, पण नंतर सेल्फ मारून झालेलं ते 'कन्सिक्वेन्शियल लॉस', ते बसत नाही. त्यासाठी 'इंजिन प्रोटेक्शन' नावाचं वेगळं कव्हर जोडून घ्यावं लागतं, आणि नेमकं तेच आपण रिन्यू करताना काढून टाकतो, चार पैसे वाचतात म्हणून. आजच्या आज पॉलिसी उघडून बघा. नुसती थर्ड पार्टी असेल तर स्वतःच्या गाडीचा एक रुपयाही मिळत नाही, हेही बघा.

आता कुणी म्हणेल, पाण्यात गाडी घातलीच कशाला. मला हा शहाणपणा ऐकवू नका. आत्याला तिथं सोडून द्यायचं होतं का? दूधवाल्यानं, अँब्युलन्सवाल्यानं काय करायचं? घालू नये हे बरोबरच आहे. पण घालावी लागते, आणि मग पुढं काय करायचं हे कुणीच सांगत नाही, म्हणून मी सांगतेय.

बंद पडली तर सेल्फ नाही, धक्का मारून गिअर टाकणं तर अजिबात नाही. इग्निशन बंद, न्यूट्रल, चार माणसं बोलवा आणि ढकला. पाणी चढत असेल तर गाडी सोडा आणि बाहेर पडा, गाडी गेली खड्ड्यात. २६ जुलै २००५ ला मुंबईत माणसं बंद गाडीत गुदमरून गेलीत, हे कुणी विसरू नये. कोरड्यात आली की फोटो काढा, इन्शुरन्सला फोन करा, बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा आणि टो करून न्या. ऑटोमॅटिक असेल तर दोरी लावून ओढत नेऊ नका, उचलूनच न्या. पेट्रोल असेल तर मेकॅनिक आधी प्लग काढतो, मग इंजिन फिरवतो, प्लगच्या भोकातून पाणी पिचकारीसारखं उडतं. डिझेलला इंजेक्टर किंवा ग्लो प्लग काढावे लागतात. स्कूटरचंही तेच. सेल्फही नाही आणि किकही नाही, आधी प्लग.

आणि ज्यांची गाडी बंद न पडता आरपार निघाली ते तर छाती काढून घरी जातात. त्यांनीही थांबा जरा. पाण्यातून बाहेर आल्याबरोबर वेग घेऊ नका, ब्रेक ओले असतात, लागत नाहीत. रिकाम्या रस्त्यावर हळू चालवत ब्रेकवर हलका पाय ठेवत राहा, वाळेपर्यंत. घरी हँडब्रेक ओढून ठेवू नका, ओले ब्रेक शू गंजून ड्रमला चिकटतात. गिअरमध्ये ठेवा, टायरला दगड लावा. सकाळी चालू करायच्या आधी ऑइलची डिपस्टिक काढून बघा. ऑइल दुधाच्या चहासारखं दिसलं तर त्यात पाणी आहे, चालू करायची नाही. एअर फिल्टरचा डबा उघडा, कागद भिजला असेल तर नवीन टाका. पाणी चाकाच्या मध्याच्या वर आलं असेल तर गिअर ऑइलही तपासून घ्या. गरम गिअरबॉक्स गार पाण्यात गेला की आतली हवा आकसते आणि ब्रीदरच्या, म्हणजे हवा जायच्या-यायच्या नळीतून पाणी आत ओढलं जातं. हे आवाज करत नाही, दोन-तीन महिन्यांनी बेअरिंग ओरडायला लागतं तेव्हा कळतं, आणि तोवर आपण पूर विसरलेलो असतो.

आत पाणी आलं असेल तर नुसत्या रबरी मॅट वाळत घालून भागत नाही. कार्पेटच्या खाली जाड फोम असतो, तो आठवडाभर पाणी धरून ठेवतो, आणि त्याच्याखालूनच वायरिंग गेलेलं असतं. सीट काढा, कार्पेट पूर्ण उचला, उन्हात टाका. आमच्या गाडीचा फोम मी आणि आईनं गच्चीवर पिळला होता. काळं पाणी निघालं, त्यात गवत होतं आणि कुणाच्यातरी दारातली तुळशीची पानं होती. ते बघून आई खाली बसली आणि रडली. गाडीसाठी नाही. तेव्हा सगळं शहरच तसं पिळून काढलेलं होतं.

गाडी दुरुस्त झाली. आता मीच चालवते. आण्णा त्यानंतर स्टिअरिंगवर बसले नाहीत. मी कितीदा म्हटलं, तुमची काही चूक नव्हती, तुम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं. ऐकत नाहीत. वाकलेला रॉड त्यांनी फडक्यात गुंडाळून टीव्हीखालच्या कपाटात ठेवलाय. आई दर दिवाळीला भंगारात द्यायला काढते, आणि तो परत कपाटात जातो.

म्हणून सकाळी त्या माणसांचा एवढा राग आला. त्यांच्या मनात वाईट नव्हतं, हे मलाही कळतं, पावसात भिजत उभी होती बिचारी. पण ओरडायला सात जण होते आणि ढकलायला एकही नव्हता. शेवटी मीच पाण्यात उतरले, पोराच्या हातावर हात ठेवला आणि म्हटलं, "बाळा, चावी काढ." त्यानं काढली. मग मात्र सगळे आले. तो 'ताई तुम्हाला कळतंय व्हय' वालासुद्धा आला, आणि त्यानंच सगळ्यात जोर लावला, खोटं कशाला बोलू. गाडी कोरड्यात लागली. मी पोराला उद्यमनगरातल्या आमच्या मेकॅनिकचा नंबर दिला. गाडी वडिलांची आहे म्हणाला, वडील बाहेरगावी, त्यांना अजून सांगितलेलं नाही.

संध्याकाळी घरी आल्यावर आण्णांना सगळं सांगितलं. त्यांनी टीव्हीचा आवाज बंद केला.

"किती वेळा मारला?"

"पाचेक वेळा तरी."

"पेट्रोल का डिझेल?"

"पेट्रोल."

"मग आशा हाय," म्हणाले. मेकॅनिककडे आज रांग आहे, प्लग उद्या सकाळी काढणार, हेही मी सांगितलं. आण्णा बराच वेळ गप्प बसले, मग म्हणाले, "त्याला फोन कर. रात्रीतनं वाळली असंल म्हणून सकाळी परत मारून बघू नको म्हणावं."

मी लगेच फोन लावला. पोरगा म्हणाला, "नाही ताई, चावी मेकॅनिककडंच देऊन आलोय."

आण्णांना सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि टीव्हीचा आवाज परत चालू केला.