दाखल्यावाचून प्रवेश अडत नाही

बदली होऊन नवी मुंबईत आलात तर डोळे मिटून खासगी शाळा गाठा, हा लेखातला सल्ला काही पटला नाही. सीवूड्स आणि कोपरखैरणेत महापालिकेच्याच सीबीएसई शाळा आहेत, आणि तिथे प्रवेशासाठी अक्षरशः झुंबड असते. आरटीईच्या, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याने खासगी शाळांत दुर्बल घटकांसाठी राखलेल्या, २५ टक्के जागांच्या भरवशावरही राहू नका. त्या पहिली किंवा त्याखालच्या वर्गांपुरत्याच. चौथीतल्या पोराला उपयोग शून्य.

खरी अडचण येते ती वर्षाच्या मध्येच आलेल्यांची. माझ्या वहिनींना एका खासगी शाळेच्या खिडकीवरच्या बाईंनी मानही वर न करता सांगितलं, “जुन्या शाळेचा दाखला आणा, मग बघू.” पालिकेच्या किंवा अनुदानित शाळेत असं चालत नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार दाखला यायला उशीर झाला म्हणून तिथे आठवीपर्यंतचा प्रवेश अडवता येत नाही. हे लेखात यायला हवं होतं, राव!

आणि फीसोबत बसचाही हिशेब करा. भाडेकरार अकरा महिन्यांचा. नेरुळचं घर सोडून घणसोलीला जावं लागलं की पोरगं रोज तासभर बसमध्ये पेंगणार.