‘जीपीयूने एन्कोड करा, साइज निम्मी, क्वालिटी तीच’: साफ चूक

फिरणारा मेसेज असा: जीपीयूवर (ग्राफिक्स कार्डावरच्या चिपवर) व्हिडिओ एन्कोड केला, म्हणजे दाबून लहान केला, की क्वालिटी सीपीयूवर (मुख्य प्रोसेसरवर) सॉफ्टवेअरने केल्याइतकीच, काम झटक्यात, दोन्हीकडे क्वालिटीचा 23 हाच आकडा ठेवा, एचईव्हीसी या नव्या कोडेकमध्ये (व्हिडिओ दाबायच्या पद्धतीत) साइज निम्मी होते, मग मूळ फाइल उडवा. माझ्या भावाने तो वाचून घरचे सगळे जुने व्हिडिओ बदलायला काढलेत. राग येणार नाही तर काय!

मूळ फाइल उडवा हे सांगणाऱ्याला आपण काय सांगतोय हे कळतं का? कॅमेऱ्यातून आलेला व्हिडिओ आधीच लॉसी असतो, म्हणजे दाबताना त्यातला काही तपशील गेलेला असतो. तो पुन्हा एन्कोड केला की आणखी तपशील जातो, आणि गेलेला कुठल्याही सेटिंगने परत येत नाही. अंधारातले प्रसंग, केस, पाणी, कॅमेऱ्याचा नॉइज यांचा आधी चिखल होतो. फोनच्या स्क्रीनवर ते जाणवत नाही, मोठ्या टीव्हीवर दिसतं. ‘निम्मी साइज’ हा एचईव्हीसीचा दावा मुळात न दाबलेल्या व्हिडिओवरच्या चाचण्यांतून आलाय. एच.264 या जुन्या कोडेकमध्ये आधीच पिळून निघालेल्या फाइलला तो लावता येत नाही.

23 चं तर बोलायलाच नको. एच.264 चा सॉफ्टवेअर एन्कोडर एक्स264, त्याचा डिफॉल्ट सीआरएफ (क्वालिटीचा आकडा) 23; एचईव्हीसीच्या एक्स265 चा 28. दोन सॉफ्टवेअर एन्कोडरांची मोजपट्टी एक नाही, तर एनव्हेंकच्या (एनव्हिडिया कार्डांवरच्या हार्डवेअर एन्कोडरच्या) सीक्यूची, म्हणजे त्याच्या क्वालिटीच्या आकड्याची, कशी असेल? तुलना करायची तर बिटरेट (दर सेकंदाला लागणारा डेटा) सारखा ठेवून करा.

वेग खराच जास्त, हे मान्य. लाइव्ह स्ट्रीमिंगला हार्डवेअरच बरं. 2018 च्या ट्युरिंग कार्डांपासून एनव्हेंकचं एच.264 एक्स264 च्या वेगवान प्रीसेटांशी (वेग ठरवणाऱ्या तयार सेटिंगांशी) टक्कर देतं, हेही खरं. पण स्लो प्रीसेटशी नाही. चिपला ठरलेल्या वेळेत फ्रेम संपवायची असते, त्यामुळे ती कमी पर्याय तपासते. सॉफ्टवेअर हवा तेवढा वेळ घेऊन शोधतं.

यूट्यूबसाठी गुगलने स्वतःची एन्कोडिंग चिप बनवली. तिच्यावरचा 2021 चा शोधनिबंध वाचा. चिपवरचं व्हीपी9 (गुगलचा, एच.264 पेक्षा नवा कोडेक) सॉफ्टवेअरच्या एच.264 ला मागे टाकतं, पण सॉफ्टवेअरच्याच व्हीपी9 च्या मागे राहतं, असं बनवणारेच लिहितात. म्हणजे नवा कोडेक जिंकला म्हणून हार्डवेअर जिंकलं असं होत नाही. ‘एव्ही1 चं कार्ड घ्या, प्रश्न मिटला’ म्हणणाऱ्यांनाही (एव्ही1 हा आणखी नवा कोडेक) हेच उत्तर.

ज्यांनी कन्व्हर्जन सुरू केलंय त्यांनी ते आत्ता थांबवा. रीसायकल बिन रिकामा करू नका. जागा कमीच पडत असेल तर आणखी एक हार्ड डिस्क घ्या.