रोड टॅक्स रस्त्यावर जात नाही

गेल्या महिन्यात मुलीसाठी स्कूटर घेतली. शोरूमच्या पावतीवर गाडीच्या किमतीखाली विमा, नोंदणी, रोड टॅक्स अशी उतरंड. मुलगी म्हणाली, "बाबा, एवढा टॅक्स घेतात आणि आपल्या वाड्यावरचा रस्ता बघा." मी मान डोलावली. पण पेशाने अकाउंटंट असल्यामुळे डोक्यात किडा वळवळायला लागला आणि रात्री जेवण झाल्यावर गोवा राज्याच्या अर्थसंकल्पाची पुस्तके उघडून बसलो. बायको म्हणाली, लोक सिरियल बघतात.

तर मुलीला जे सांगितले तेच इथे लिहितो. रोड टॅक्स हा रस्त्यासाठी घेतलेला कर नाहीच. वाहनांवर कर बसवायचा अधिकार राज्यांना घटनेच्या राज्यसूचीतल्या 57व्या नोंदीने मिळतो, आणि आपल्याकडे त्यासाठी 1974 चा कायदा आहे, गोवा, दमण आणि दीव एकत्र होते तेव्हाचा. हा कर 0041 या लेखाशीर्षाखाली, म्हणजे सरकारी हिशेबातल्या त्या क्रमांकाच्या खात्यात, जमा होतो आणि राज्याच्या एकत्रित निधीत पडतो. त्याच हंड्यात पेट्रोलवरचा व्हॅट, दारूवरचा अबकारी कर आणि केंद्राकडून येणारा वाटा. एकदा आत पडला की स्कूटरचा रुपया कुठला आणि फेणीचा कुठला, हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही.

सरकारही या कराकडे रस्त्याचा मोबदला म्हणून बघत नाही. 2019 मध्ये गाड्यांचा धंदा मंदावला तेव्हा शेवटचे तीन महिने रोड टॅक्स निम्म्यावर आणला होता. रस्ते काही त्या तीन महिन्यांत निम्मे झिजले नाहीत. 2012 मध्ये मुख्यमंत्री मनोहर पर्रीकरांनी पेट्रोलवरचा व्हॅट 0.1 टक्क्यावर आणला, तो आपल्या सगळ्यांना आठवतो. नंतर तो टप्प्याटप्प्याने परत चढला. दोन्ही वेळा वाहतुकीचा विचार झाला असेल, पण नंतर.

हंड्यातून पैसा बाहेर काढायला विधानसभा लागते. आधी अनुदान मागण्या, म्हणजे खात्यांनी मागितलेला खर्च, मंजूर करायच्या आणि मग तो पैसा काढायला परवानगी देणारे विनियोजन विधेयक. आपल्याकडे अलीकडे मार्चमध्ये लेखानुदान, म्हणजे काही महिन्यांच्या खर्चाची तात्पुरती मंजुरी, घेऊन चार-पाच महिने ढकलतात आणि मागण्यांवर खरी चर्चा पर्वरीला पावसाळी अधिवेशनात होते, म्हणजे आर्थिक वर्षाचा तिसरा हिस्सा संपल्यावर. पुस्तकात वाहतूक एका जागी सापडत नाही. रस्ते आणि पुलांची देखभाल 3054 खाली, नवे बांधकाम 5054, बस 3055, फेरीबोट 3056. मला वाटते खरी गोम या आकड्यांतच आहे. पाचाने सुरू होणारे शीर्ष भांडवली खर्चाचे, तिनाने सुरू होणारे महसुली खर्चाचे. पूल पाचात, बस चालवणे तिनात.

पाचातल्या कामाला पैसा देणारे पुष्कळ. मांडवीवरचा अटल सेतू राज्याच्या पायाभूत सुविधा महामंडळाने उभारला, जुवारीवरचा नवा पूल राष्ट्रीय महामार्गाचा म्हणून केंद्राच्या पैशांतून झाला. शिवाय 2020-21 पासून केंद्र राज्यांना भांडवली कामांसाठी 50 वर्षांचे बिनव्याजी कर्ज देते. बिनव्याजी, आणि फेडायला नातवंडे! कोणता अर्थमंत्री नाही म्हणेल? पण कंडक्टरचा पगार, डिझेल, टायर यांना हे कर्ज चालत नाही. त्यासाठी दर वर्षी हंड्याकडेच हात पसरायचा.

पुलांविरुद्ध माझे काही नाही. 1986 च्या जुलैमध्ये मांडवीचा पूल कोसळला आणि फेरीबोटीसाठी लागलेल्या रांगा मी लहानपणी पाहिल्या आहेत. पण पुलावरून जाते काय? एका गाडीत एक माणूस.

आता आत्याची गोष्ट. आत्या सावंतवाडीची, वय साठच्या पुढे, दर दोन महिन्यांनी एसटीने आमच्याकडे येते. 2023 च्या मार्चपासून महाराष्ट्रात बायकांना अर्धे तिकीट आहे, पण ते राज्याच्या हद्दीपुरतेच, म्हणजे बांदा-पत्रादेवीच्या सीमेपर्यंत. मागच्या वेळी कंडक्टर तिला म्हणाला, "काकी, बांद्यापर्यंत हाफ, पुढे फुल." आत्या घरी येऊन दारातच म्हणाली, "पत्रादेवी ओलांडली आणि मी बाईमाणूस राहिले नाही!" आम्ही हसलो. पण त्या तिकिटात सगळे राज्यशास्त्र आहे. अर्ध्या तिकिटाचा उरलेला अर्धा हिस्सा महाराष्ट्र सरकार एसटीला भरून देणार असते. सरकारचा खिसा हद्दीवर संपतो, तिथेच सवलतही संपते. आणि तो हिस्सा उशिरा आला की एसटीच्या पगाराच्या तारखा हलतात.

आमच्या कदंबचे, म्हणजे गोव्याच्या सरकारी बससेवेचे, वेगळे नाही. तरी जन्मकथा अभिमानाची. 1979 च्या सुमारास गोव्यातले विद्यार्थी बसभाड्यात निम्म्या सवलतीसाठी रस्त्यावर उतरले, तेव्हा बसधंदा खासगी मालकांच्या हातात होता. त्यानंतर 1980 मध्ये कदंब आले. म्हणजे ही बस आधी मागितली गेली, मग मिळाली. मात्र एसटी 1950 च्या केंद्रीय कायद्याखालचे महामंडळ आणि कदंब कंपनी कायद्याखालची सरकारी कंपनी. आपल्या मनात ती लोकसेवा, कागदावर लिमिटेड. आणि लिमिटेड म्हटले की 'तोटा' हा शब्द आलाच. गावाकडच्या रिकाम्या फेऱ्या, विद्यार्थ्यांचे पास, ज्येष्ठांची सवलत हे सगळे तोट्यात धरायचे आणि मग सरकार 'अनुदान' देणार. शब्दातच दान आहे बघा. पुलाला कोणी अनुदान दिले असे म्हणतो का आपण?

माझे म्हणणे एवढेच. विधानसभेने कायदा करून 0041 खाली जमणाऱ्या कराचा ठरावीक हिस्सा बस आणि फेरीबोटीसाठी बांधून द्यावा. पासची आणि सवलतींची भरपाई मर्जीवर नको, हक्काच्या देण्याप्रमाणे तारखेला मिळावी. हे काही जगावेगळे नाही. महाराष्ट्राने 1975 मध्ये व्यवसाय कर आणला तो रोजगार हमीसाठी बांधूनच. केंद्रही पेट्रोल-डिझेलवरच्या उपकरातून 2000 च्या कायद्याने रस्तेनिधी चालवते.

आमच्या ऑफिसातले एक जाणते गृहस्थ यावर म्हणाले, "पैसा असा बांधून ठेवला की अडचणीच्या वर्षी इस्पितळाला काय देणार? आणि बांधलेला निधीसुद्धा वळवतातच." दुसरा मुद्दा मला मान्यच करावा लागला. केंद्राच्या त्याच रस्तेनिधीचे 2018 मध्ये नाव बदलून त्यात 'पायाभूत सुविधा' घातले आणि मग रस्त्याखेरीज इतर कामेही आत आली. पहिल्या मुद्द्यावर मात्र आमचे पटले नाही. अडचणीच्या वर्षी कात्री कुठे लागते? कर्जाचा हप्ता थांबत नाही, कंत्राटदाराचे बिल आज ना उद्या निघते. थांबते ती संध्याकाळची शेवटची फेरी. कायद्याचा आधार नसलेला खर्चच पहिला कापला जातो. आणि फेरी बंद झाली की त्या वाड्यावरची माणसे काय करतात? आम्ही केले तेच. स्कूटर घेतात, रोड टॅक्स भरतात, तो हंड्यात जातो, आणि बसमध्ये माणसे नाहीत म्हणून आणखी एक फेरी तोट्यात निघते.

ती फेरी आमच्याकडे नुसती उशिरा येते की बंदच झाली, हे अजून कोणी धड सांगत नाही. मुलगी दोनदा अंधारात रस्त्यावर उभी राहिली, तिसऱ्या वेळी मी शोरूमला गेलो. तिच्या बसच्या पासाचे अजून अकरा दिवस शिल्लक आहेत.