कफ म्हणजे शरीरातला कचरा नव्हे

पावसाळा सुरू झाला की रत्नागिरी-सिंधुदुर्गात घरोघरच्या मोबाइलवर एक संदेश हमखास फिरू लागतो. कफ म्हणजे शरीरात साठलेले विष, तो हिरवा दिसला की अँटिबायोटिक घ्यावे, आणि पहाटे मिठाचे पाणी पिऊन ओकारी काढली की तो मुळासकट जातो, असे त्यात म्हटलेले असते. यातले एकही विधान खरे नाही आणि शेवटचे तर धोक्याचे आहे.

विषाची समजूत फार खोल रुजलेली आहे. प्रत्यक्षात निरोगी माणसाच्याही नाकात, श्वासनलिकेत, जठरात आणि आतड्यांत श्लेष्मा, म्हणजे बुळबुळीत चिकट स्राव, सतत तयार होत असतो; श्वसनमार्गातल्या श्लेष्म्यालाच आपण कफ म्हणतो. त्यात सुमारे ९५ टक्के पाणी असते. चिकटपणा येतो तो म्यूसिन या प्रथिनांमुळे. या लांबलचक रेणूंवर शर्करेच्या असंख्य साखळ्या असतात, त्या पाणी धरून ठेवतात आणि तयार होणाऱ्या जाळ्यात धूळ व जंतू अडकतात. श्वासनलिकेतले सूक्ष्म केस हा ऐवज घशाकडे ढकलतात, आपण तो नकळत गिळतो आणि जठरातले आम्ल बहुतेक जंतूंचा निकाल लावते. शिवाय श्लेष्म्यात जीवाणूंची पेशीभित्तिका फोडणारे लायसोझाइम असते, जे अलेक्झांडर फ्लेमिंग यांना पेनिसिलिनच्याही आधी, १९२१ मध्ये, सर्दीच्या स्रावात सापडले. आणि जंतूंना हवे असलेले लोह अडवून ठेवणारे लॅक्टोफेरिनही असते. वाम मासा साफ करताना हातातून निसटवणारा जो बुळबुळीत थर लागतो, तोही श्लेष्माच, आणि माशाचे जंतूंपासून रक्षण करणे हे त्याचे एक काम.

हिरवा रंग येतो तो जंतूंशी झुंजणाऱ्या पांढऱ्या पेशींमधल्या मायलोपरॉक्सिडेज या हिरवट प्रथिनामुळे. साध्या विषाणूजन्य सर्दीतही तो दिसतो आणि विषाणूंवर अँटिबायोटिकचा काहीही परिणाम होत नाही. केवळ रंग पाहून गोळ्या आणू नयेत.

राहिली ओकारी. फुप्फुसातला कफ जठरात साठलेला नसतो, त्यामुळे तो अशा रीतीने निघणे शक्यच नाही. जठरात असतो तो आम्लापासून त्याच्याच भिंतीला वाचवणारा श्लेष्म्याचा थर, आणि तो तिथे राहायलाच हवा. भरपूर मीठ एकदम पोटात गेले तर रक्तातले सोडियम धोकादायक पातळीला जाऊ शकते. लहान मुलांच्या तर ते जिवावर बेतू शकते. घसा दुखत असेल तर कोमट मिठाच्या पाण्याच्या गुळण्या खुशाल कराव्यात, पण ते पाणी गिळू नये. खोकला २ आठवड्यांहून अधिक टिकला किंवा बेडक्यात रक्त दिसले, तर प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन क्षयासाठी थुंकीची तपासणी करून घ्यावी.