वरचा पाव मी खात नाही

माझ्या निम्म्या फ्राइज एका अनोळखी माणसाने खाल्ल्या आणि वर मलाच आहारशास्त्र शिकवलं. राग अजून उतरलेला नाही, म्हणून लिहितोय.

बर्गरच्या दुकानात गर्दी होती. रिकामी खुर्ची एकच, आणि तिच्या समोर हे गृहस्थ. मी बसलो तर माझ्या ट्रेकडे असे बघायला लागले, की आता सांत्वन करतात की काय. मग त्यांनी स्वतःच्या डबल चीज बर्गरचा वरचा पाव दोन बोटांनी अलगद उचलला, टिश्यूवर उताणा ठेवला आणि जाहीर केलं, "वरचा पाव मी खात नाही."

"का?"

"मैदा."

"आणि खालचा?"

"खालचा आधाराला लागतो."

यावर बोलणार काय? तोवर त्यांनी मेयोनीजची दोन पाकिटं दाताने फाडून त्या उघड्या चीजवर पिळली, कोपरे दाबून दाबून, थेंबही वाया न घालवता. मी विचारलं, "हे चालतं?"

"सॉस काय हो, पातळ असतो. अंगाला लागत नाही."

आता नेहमीचं मेयोनीज म्हणजे बहुतांश तेलच. पिठाच्या एका ग्रॅममध्ये जेमतेम 4 कॅलरी, तर तेलाच्या एका ग्रॅममध्ये 9. पावावर वाचवलेलं सगळं त्या पाकिटांनी व्याजासकट वसूल केलं होतं. पण सांगतो कोणाला? त्यांचा हात एव्हाना माझ्या फ्राइजपर्यंत पोचला होता.

"मी फ्राइज घेतच नाही. तळलेलं बंद केलंय," एक तोंडात टाकत ते म्हणाले. मग दुसरी. दुसऱ्याच्या ट्रेमधल्या कॅलरी बहुतेक ट्रेच्या मालकाच्या नावे पडत असाव्यात. तिसरी माझ्यासमोर नाचवत म्हणाले, "मीठ बघा किती! जागतिक आरोग्य संघटना म्हणते, दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी. एक चमचासुद्धा नाही!"

आकडा बरोबर होता, हेच जास्त झोंबलं. फ्राइजवरचं मीठ डोळ्यांना दिसतं म्हणून बोलणी फ्राइज खातात. पावात, चीजमध्ये, पॅटीत, लोणच्याच्या चकतीत आणि सॉसमध्येही ते असतंच. ते दिसत नाही, म्हणून बिचारं निर्दोष.

मुळात एकटा मैदा किंवा एकटं तळण धरून बसण्यात अर्थ नाही. पाव मऊ, पॅटी मऊ, सॉसने सगळं ओलं; चावायचं कामच उरत नाही. पोट भरल्याची खबर मेंदूला पोचायला वेळ लागतो आणि तोवर कागद चुरगळून झालेला असतो. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने 2019 मध्ये यावर एक प्रयोग प्रसिद्ध केला. 20 जणांना दोन आठवडे अतिप्रक्रिया केलेलं, म्हणजे कारखान्यात तयार होऊन येणारं, आणि दोन आठवडे साधं अन्न दिलं. वाढलेल्या ताटांत कॅलरी, साखर, मीठ, चरबी सारखीच, आणि हवं तेवढं खायची मुभा. अतिप्रक्रिया केलेल्या अन्नावर माणसं रोज सुमारे 500 कॅलरी जास्त खात होती, तीही भराभर. म्हणजे दोष माझ्या इच्छाशक्तीचा नाही, असं मी घरी समजावून पाहिलं. घरच्यांनी फक्त पोटाकडे बघितलं.

गृहस्थ मात्र चवीने, अगदी संथ खात होते. डाएट कोलाचा बादलीएवढा ग्लास ओढत त्यांनी माझ्या पाण्याच्या बाटलीकडे बोट दाखवलं. "जेवताना पाणी पिऊ नये. पचन बिघडतं."

खरी चीड वेगळीच आहे. त्या फ्राइज मला नकोच होत्या! मी काउंटरवर एक बर्गर मागितला होता, एकच. "मील करू?" नको. "थोड्याच फरकात लार्ज होतं, सर." नको. "चीज वाढवू?" तोवर मागच्या रांगेतून सुस्कारे सुरू झाले, आणि चारचौघांत कंजूष ठरण्यापेक्षा मी मान हलवली. लहान आकार डोक्यावरच्या त्या झगझगीत फलकावर कुठेच नव्हता. तो ज्याला ठाऊक असेल त्याने तोंड उघडून मागायचा. कोलाऐवजी पाणी द्या म्हटलं, तर पोराने बिल थांबवलं, मान वर केली आणि शेवटच्या टेबलापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "फक्त पाणी?"