उलव्यात नवी मंडळी कशाला? एका प्रतिक्रियेला उत्तर

आदरणीय काका, सप्रेम सलाम.

नवी मुंबईतल्या उलव्यात सुरू झालेल्या आमच्या मराठी ख्रिस्ती मंडळीबद्दल, म्हणजे चर्चबद्दल, मी लिहिलं, त्यावर तुमची मोठी प्रतिक्रिया आली. ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. तुमचं म्हणणं असं की १९७० साली नागपुरात सहा पंथांच्या मंडळ्या एक झाल्या, आपल्या वाडवडिलांनी ते ऐक्य कष्टाने मिळवलं आणि आम्ही गाळ्यागाळ्यात नव्या पाट्या लावून ते मोडतोय. मुंबईतल्या जुन्या देवळांत बाकं रिकामी पडत असताना नवी मंडळी काढणं म्हणजे दुसऱ्याची मेंढरं पळवणं. शिवाय शटरच्या दुकानात उपासना चालली की आजूबाजूचे लोक संशय घेतात आणि त्याचा ताप सगळ्या ख्रिस्ती समाजाला होतो. शेवटी तुम्ही विचारलंय, तुमचा पाळक (पास्टर) कोण?

आयुष्य मंडळीच्या कामात घालवलेल्या माणसाची ही कळकळ आहे. म्हणून दोन ओळींत उत्तर देऊन मोकळं व्हावंसं वाटलं नाही.

आधी मेंढरांचं बोलू. उलव्यातून भायखळा-परळकडे उपासनेला जायचं म्हणजे काय, ते बघा. खारकोपर किंवा बामणडोंगरीहून गाडी पकडायची, नेरूळ किंवा बेलापूरला बदलायची, हार्बरने कुर्ल्याला यायचं आणि तिथून मेन लाइनची स्लो. हे सगळं रविवारी, म्हणजे नेमकं मेगाब्लॉकच्या दिवशी. सकाळची उपासना आटोपून परत निघावं तर हार्बर बंद. अटल सेतू २०२४ च्या जानेवारीत सुरू झाला तेव्हा लोक म्हणाले, आता मुंबई दारात आली. पण सेतूवर दुचाकीला बंदी आहे आणि कारला एका वेळचा टोल तेव्हाच २५० रुपये ठरला. आमच्यातल्या बहुतेकांकडे आहे ती दुचाकीच. म्हाताऱ्या सासूला आणि दोन पोरांना घेऊन कोण किती रविवार हा प्रवास करील? सुरुवातीला दर आठवड्याला जातात, मग महिन्यातून एकदा, मग नाताळ आणि उत्तम शुक्रवार. पुढे तेही नाही. तुमच्या बाकांवरून जे उठले त्यांतले कितीतरी आमच्याकडे येण्याच्या कितीतरी आधी घरीच बसले होते, काका. त्यांना कोणी पळवलं नाही. ते राहायला लांब गेले आणि त्यांच्यामागून कोणी गेलं नाही.

आमच्याकडे येणारी एक बाई नर्स आहे, माहेर चिपळूणकडचं. शनिवारची नाइट करून ती सरळ उपासनेला येते, डबा आणि युनिफॉर्मची पिशवी खुर्चीखाली सरकवते आणि पहिल्या गीताला उभी राहते. तिला भायखळ्याला जा म्हणून सांगायची माझी हिंमत नाही. बाकीचे नगर, जालना, सोलापूरकडून पोटासाठी आलेले आहेत. गावाकडे त्यांची मंडळी तीन पिढ्यांची, आणि इथे मुलांना मराठीत प्रभूची प्रार्थना शिकवायला कोणी नाही. इंग्रजी आणि मल्याळी उपासना नवी मुंबईत सापडतात, मुलं इंग्रजीकडे वळतातही. आजीला मात्र त्यातलं काही कळत नाही, ती मुकाट्याने बसून राहते. मला हे फार लागतं.

आता पळवण्याबद्दल ठामपणे सांगते. जुन्या मंडळीचा दाखला आणल्याशिवाय आम्ही कोणालाच सभासद करून घेत नाही. उपासनेला या, गा, प्रार्थना करा, पण नाव नोंदवायचं तर आधी आपल्या पाळकसाहेबांना भेटून या. भांडून आलेल्या एका कुटुंबाला आम्ही आधी समेट करायला परत पाठवलं. प्रभुभोजन, म्हणजे भाकर आणि द्राक्षरसाचा विधी, द्यायलाही जुन्या मंडळीचेच एक पाळकसाहेब येतात. ऐक्य मोडणारे लोक असं करतात का?

आणि १९७० च्या ऐक्याने पंथ एक झाले, नवी मंडळी काढायची नाही असं त्यात कुठे ठरलं? आपलं कोकणच बघा. स्कॉटिश मिशनऱ्यांनी १८२३ साली काम सुरू केलं ते मुंबईत नव्हे, बाणकोट आणि हर्णैला. बंदरावरची, खाडीकाठची गावं. जॉन विल्सन मुंबईत आले ते त्यानंतर, १८२९ साली. त्याआधी १८१३ मध्ये अमेरिकन मिशनचे हॉल आणि नॉट मुंबईत उतरले, तेव्हा ईस्ट इंडिया कंपनी त्यांना राहू द्यायलाही तयार नव्हती. आज जिला आपण जुनी मंडळी म्हणतो तीही कधीतरी कोणाच्या तरी नजरेत नको असलेली नवी मंडळीच होती. रत्नागिरी जिल्ह्यात जन्मलेले आपले कवी रेव्हरंड नारायण वामन टिळक घ्या. १८९५ मध्ये मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला, पुढची कितीतरी वर्षं त्यांनी अमेरिकन मिशनमध्ये काढली आणि १९१७ मध्ये मिशनची चाकरी सोडून ‘देवाचा दरबार’ उभा केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही त्यात जागा होती. त्या काळीही पुष्कळांना ते रुचलं नसणार. आज त्यांची भजनं तुमच्याही मंडळीत गातात आणि आमच्याही.

गाळ्यात पावित्र्य नसतं, हे मला मान्य नाही. बायबलमधलं अक्विल्ला आणि प्रिस्किल्ला हे जोडपं बघा, तंबू करणारी माणसं. रोमचा बादशहा क्लौद्य याने यहूद्यांना रोममधून घालवलं म्हणून करिंथला आली, तिथून इफिसला गेली, आणि जिथे बिऱ्हाड केलं तिथे त्यांच्या घरात मंडळी जमली. पौल त्या मंडळीला सलाम पाठवतो, इमारत कुठाय असं विचारत नाही.

शेजाऱ्यांचा संशय खरा आहे आणि तो मी हलक्यावारी घेत नाही. आमचा गाळा तळमजल्यावर, एका बाजूला किराणा, दुसऱ्या बाजूला झेरॉक्सवाला. पहिल्या रविवारी शटर अर्धं ओढून घेतलं होतं, आवाज बाहेर जाऊ नये म्हणून. झेरॉक्सवाले काका मधून मधून वाकून आत बघत होते. नंतर आम्ही ठरवलं, शटर पूर्ण वर. पेटी, ढोलकी आणि झांज, एवढंच. स्पीकर लावायचा नाही. दारावर मराठीत पाटी, उपासनेची वेळ आणि एका पंचाचा, म्हणजे मंडळीचा कारभार बघणाऱ्यांपैकी एकाचा, फोन नंबर. सोसायटीच्या कमिटीला पत्र दिलं, गाळामालकाशी करार लेखी केला. आता झेरॉक्सवाले काका गीतांच्या प्रती काढून देतात आणि कधी कधी उंबऱ्याशी उभे राहून भजन ऐकतात. त्यांनी आत यावं म्हणून कोणी आग्रह करत नाही. झाकून केलं की संशय वाढतो, आणि घटनेच्या २५ व्या कलमाने उपासनेचा हक्क दिलेला असताना झाकायचं कशाला?

पैशाचंही उघड आहे. बाहेरच्या देशातून एक रुपया घ्यायचा तर एफसीआरएची, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची, नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते. आमच्याकडे दोन्ही नाही आणि आम्ही तो पैसा घेतही नाही. भाडं अर्पणातून जातं. दर महिन्याचा जमाखर्च उपासनेनंतर वाचून दाखवतात, खात्यावर दोन पंचांच्या सह्या लागतात आणि धर्मादाय आयुक्तांकडे नोंदणीची कागदपत्रं तयार होतायत.

एका बाबतीत मी पूर्णपणे तुमच्या बाजूची आहे. एकच माणूस पाळक, तोच खजिनदार, बायको सेक्रेटरी, मंडळीचं खातं त्याच्या नावावर, आणि कोणी हिशेब विचारला की तो सैतानाचा माणूस. अशा मंडळ्यांनी माणसं होरपळली आहेत, त्यांतली काही आमच्याकडे आली आणि अर्पणाची थैली फिरली की अजून अंग चोरून बसतात. त्यांना उपदेश करून उपयोग नाही, वहीच दाखवावी लागते.

म्हणून तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आज असं आहे: आम्हाला अजून पाळक नाही. पुण्यात शिकून तयार झालेला माणूस मिळू शकतो, पण त्याला घरभाडं आणि जगण्यापुरता पगार दर महिन्याला देता येईल, एवढं अर्पण आधी सहा महिने सलग जमायला हवं, असं पंचांनी ठरवलंय. अर्ध्या पगारावर तरुण पाळक आणून त्याच्या मुलांच्या फीसाठी त्याला घरोघर हात पसरायला लावणं आम्हाला पटत नाही. तोवर संदेश आळीपाळीने आम्हीच देतो आणि बाप्तिस्मा, लग्न, प्रभुभोजन यांसाठी जुन्या मंडळीकडे जातो. तुमच्या पंच कमिटीने महिन्यातला एक रविवार आम्हाला एखादा वडीलधारा माणूस दिला, तर आम्हाला हवाच आहे. येणार असाल तर मेगाब्लॉकचं वेळापत्रक बघून निघा, नेरूळला घ्यायला मी येईन.