साठ दिवसांत प्रशिक्षण, असं कायदा सांगतो

पुण्यातल्या नातेवाइकांशी फोनवर बोलताना विषय अजूनही फिरून कल्याणीनगरच्या अपघातावर येतो. १९ मे २०२४, रविवारची पहाट. पोर्शेच्या धडकेत दोन तरुण इंजिनिअर गेले आणि गाडी चालवल्याचा आरोप असलेल्या सतरा वर्षांच्या मुलाला त्याच दिवशी जामीन मिळाला. अटींमध्ये ३०० शब्दांचा निबंध होता. लोक संतापले, ते रास्तच होतं. जामिनाचा आदेश बाल न्याय मंडळाच्या, म्हणजे अठरा वर्षांखालच्या आरोपींची प्रकरणं ऐकणाऱ्या मंडळाच्या, एकट्या अशासकीय सदस्याने दिलेला; तो न्यायाधीश नव्हता. चौकशीनंतर ऑक्टोबर २०२४मध्ये सरकारने दोन्ही अशासकीय सदस्यांना पदावरून काढलं.

तेव्हापासून माझे मामा म्हणतात, "फक्त न्यायाधीश बसवा, बाकीच्यांना घरी पाठवा." हे मला मुळीच पटत नाही.

मी ग्लासगोत राहते. स्कॉटलंडमध्ये मुलांच्या सुनावणीत न्यायाधीश नसतोच. गुन्हा केलेलं मूल आणि हेळसांड झालेलं मूल, दोघांच्या गरजा मुळात सारख्याच, असं लॉर्ड किलब्रँडन यांच्या समितीने १९६४ साली मांडलं. त्यातून १९७१पासून ही पद्धत सुरू झाली. तीन सामान्य नागरिक मूल, पालक आणि सोशल वर्करसोबत एका टेबलाभोवती बसतात आणि मुलाच्या भल्याचं काय ते ठरवतात. फार गंभीर गुन्हे सरकारी वकिलाकडे जातात, ते वेगळं.

माझी शेजारीण अशी सदस्य आहे, विनामानधन. सुनावणीतलं ती अवाक्षर काढत नाही, पण प्रशिक्षणाबद्दल मात्र भरभरून बोलते. पहिल्या सुनावणीआधी कायदा शिकायचा. मुलांची वाढ कशी होते, मारहाण पाहिलेलं मूल गप्प का बसतं, त्याला प्रश्न कसा विचारायचा, निर्णयाची कारणं त्याला कळतील अशी कशी लिहायची, हे सगळं शिकायचं. पुढेही अनुभवी सल्लागार मधूनमधून सुनावणीला येऊन बसतात, तिचं काम पाहतात आणि काय सुधारायचं ते सांगतात. एखादी सुनावणी मनाला लागली तर कुणाशी बोलायचं, तेही ठरलेलं असतं. मला हा शेवटचा भाग सगळ्यात मोलाचा वाटतो. रोज मोडलेली घरं पाहणारा माणूस आतून बधिर झाला, की त्याचे निर्णयही बधिर होतात.

आपला २०१५चा बाल न्याय कायदा याबाबत कच्चा नाही. मंडळात एक दंडाधिकारी आणि दोन सामाजिक कार्यकर्ते, त्यांत किमान एक स्त्री. नेमणुकीपासून ६० दिवसांत सर्वांचं प्रशिक्षण राज्य सरकारने करायचं, दंडाधिकाऱ्यांचंसुद्धा! कारण कायद्याची पदवी असली म्हणून मुलाचं मन कळतं असं नाही. सोळा वर्षांवरच्या मुलावर अतिगंभीर गुन्ह्याचा आरोप असेल, तर त्याची मानसिक क्षमता आणि परिणामांची जाण मंडळाला तपासावी लागते. सदस्यांपैकी कुणाकडे बालमानसशास्त्राची किंवा मानसोपचाराची पदवी नसेल, तर तज्ज्ञाची मदत घ्यावीच लागेल, असं सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२२मध्ये बजावलं. मामांचा एकटा न्यायाधीश इथे काय करेल?

मामांचं उत्तर तयार असतं: वाईट माणूस शिकवून चांगला होत नाही. खरं आहे. पण कामावर कुणाची तरी नजर असेल, तर तो लवकर उघडा पडतो, त्यासाठी दोन जीव जावे लागत नाहीत. स्कॉटलंडची वस्ती जेमतेम ५५ लाख, महाराष्ट्राची ११ कोटींच्या वर, हेही मान्य. पण शिकवणारी माणसं आपल्याकडे नाहीत, असं कुणी म्हणू नये. भारतातलं सामाजिक कार्याचं पहिलं महाविद्यालय १९३६ साली मुंबईतच निघालं, आजची टाटा समाजविज्ञान संस्था ती हीच.

आरोपीला मूल मानण्याची वयाची अट खाली आणा, ही मागणी टीव्हीवर पुन्हा पुन्हा ऐकली. सदस्यांना ६० दिवसांत काय शिकवलं, कुणी शिकवलं, हे विचारताना मी कुणाला ऐकलं नाही. पुण्यातल्या भाच्याला सांगितलंय, माहिती अधिकाराखाली अर्ज टाक: जिल्ह्याच्या मंडळावरच्या प्रत्येक सदस्याची नेमणुकीची तारीख आणि प्रशिक्षणाची तारीख, दोन्ही शेजारी शेजारी हव्यात.